शिवलेला डोळा

माझ्या धंद्यात जखम बघायची तर आधी ती रंगवावी लागते. हाताला कापलं तर रक्त येतं, गुडघा आपटला तर निळा पडतो. बुबुळावर ओरखडा उठला तर यातलं काहीच होत नाही, कारण बुबुळाची काच स्वच्छ राहावी म्हणून तिथे रक्तवाहिन्याच नसतात. मग आम्ही केशरी टोकाची एक कागदी पट्टी ओली करतो आणि खालच्या पापणीला आतून टेकवतो. रंग डोळाभर पसरतो. पेशंटची हनुवटी यंत्रावर टेकवून निळा उजेड सोडला की जिथली कातडी गेली आहे तेवढीच जागा हिरवीगार चमकते. केसपेपरवर एक गोल काढायचा, तो झाला डोळा. त्यात हिरव्या पेन्सिलीने जखम दिसली तशी रंगवायची. दुसऱ्या दिवशी दुसरा गोल. हिरवं लहान होत गेलं की डॉक्टरही खूश आणि पेशंटही खूश.

दिवाळी अंकात डॉक्टरने लिहायचं म्हणजे काहीतरी चमत्कार सांगायचा, अशी वाचकांची अपेक्षा असते. माझ्याकडे चमत्कार नाही. तीसेक वर्षं मी घाटकोपरला डोळ्यांचा दवाखाना चालवला, आता मुलुंडला घरी बसून नातवाचे चष्मे पुसते. जे सांगणार आहे ते ऐंशीच्या दशकातलं आहे, आणि त्यात माझी एक चूक आहे. ती मी आजवर छापील स्वरूपात कुठे कबूल केलेली नाही. डॉक्टर चुका आपसात कबूल करतात, तेही दुसऱ्याच्या.

दवाखाना म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडं आणि यंत्र, मागच्या खोलीत एक टेबल, त्याच्यावर दिवा, आणि उकळत्या पाण्याचं भांडं. तिलाच आम्ही ऑपरेशनची खोली म्हणायचो. माणसं दोन, मी आणि सावंतबाई. सावंतबाई मालवणच्या, नवरा गिरणीतला, गिरणीतलं काम सुटल्यावर तो गावी गेला आणि या माझ्याकडे आल्या. नर्सिंगचं शिक्षण काही नव्हतं, पण हात असा हलका की पेशंट मला सांगायचे, पट्टी तुम्ही नको, त्यांनाच बांधू द्या. मला याचा राग यायचा. राग चटकन येणं हा माझा जुना दोष आहे, तो पुढेही दिसेल.

साध्या माणसाच्या बुबुळावरचा ओरखडा दोन दिवसांत भरतो. कडेची कातडी सरकत सरकत मध्ये येते आणि जखम झाकून टाकते, शरीरात इतक्या घाईने भरणारी दुसरी जागा नाही. ती कातडी दुधावरच्या पातळ सायीएवढीच असते. पण ओरखडा दुखतो मात्र भयंकर. धट्टाकट्टा माणूस डोळा धरून रडत येतो. हे दुखणं वाईट नाही, ते पहारा करत असतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पटलं ते साकीनाक्याच्या शिंद्यांमुळे.

शिंदे एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगवर होते. लोखंडाचा कण डोळ्यात गेला की तिथे डॉक्टरकडे जायची पद्धत नव्हती. शेजारच्या मशीनवरचा माणूस आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून कण काढायचा, आणि प्रत्येक गाळ्यात असा एक नावाजलेला कण काढणारा असायचा. शिंदे आले तेव्हा कण निघालेला होता, पण अर्धं बुबुळ हिरवं चमकत होतं, आणि हा माणूस माझ्यासमोर मजेत हसत बसलेला.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"छे हो मॅडम! झकास औषध आहे ना." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक बाटली काढली. "एक थेंब टाकला की पार थंड. दुपारी जेवणानंतर परत एक टाकतो, की शिफ्ट आरामात निघते."

ती बाटली बधिर करायच्या थेंबांची होती. आम्ही ती तपासणीपुरती एकदा वापरतो आणि कपाटात कुलूप लावून ठेवतो. कोणत्या कंपाउंडरने त्यांना दिली, कोण जाणे. बधिर डोळ्याला जखम झाल्याचं कळत नाही, पापणी नीट मिटत नाही, पाणी येत नाही, आणि वर ते औषध कातडीला सरकूही देत नाही. मी ती बाटली मोरीत ओतली. शिंदे म्हणाले, "अहो मॅडम, काय करता यार!" आणि मग जीभ चावून सॉरी म्हणाले. बाटली बंद झाल्यावर त्यांना चार दिवस ब्रह्मांड आठवलं, आणि पाचव्या दिवशी डोळा साफ भरला.

शिंद्यांची गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की मधुमेह जुना झालेल्या माणसाच्या डोळ्यात हे बधिर करणारं औषध शरीरच आतून घालत असतं. साखरेने पायाच्या नसा मरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. बुबुळाच्या नसाही तशाच मंद होतात. जखम होते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही. आणि आला तरी नवी कातडी सरकते खरी, पण खाली चिकटत नाही. नुसती वर पडून राहते, ओल्या भिंतीवरच्या कागदासारखी. हे शेवटचं वाक्य मी आज लिहिते आहे. परब माझ्याकडे आले तेव्हा मला ते कळलेलं नव्हतं.

परब सावंतबाईंच्याच गावाकडचे. आधी गिरणीत, नंतर आमच्या मागच्या सोसायटीत वॉचमन. वय पंचावन्नच्या आसपास. सकाळी गेटवर बसून पेपर वाचताना वाऱ्याने पान उडालं आणि त्याची कड डावा डोळा कापून गेली. कागदाची कड सुरीसारखी असते. ते आठवड्याने आले, तेही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून.

त्या काळी साखर बघायची सोय म्हणजे परीक्षानळी. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर वाट लागली. परबांची नळी विटकरी झाली. त्यांना मधुमेह आहे हे त्यांना माझ्याकडे कळलं.

मी तेव्हा पस्तिशीची होते, हुशार होते, आणि आपण हुशार आहोत हे मला फार माहीत होतं. परबांवर मी जीव तोडून उपचार केले. दर दोन तासांनी जंतुनाशक थेंब. रोज सकाळी पट्टी सोडून केशरी कागद, निळा उजेड, नवा गोल. कडेची सैल कातडी कापसाच्या बोळ्याने पुसून काढायची म्हणजे नवी नीट येईल, असं मला शिकवलेलं होतं. एक दिवस हिरवं मसुराच्या डाळीएवढं व्हायचं, मी खूश. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुन्हा वाटाण्याएवढं. मग मी थेंब वाढवायची, मलम बदलायची, रविवारीही दवाखाना उघडायची. परब रोज न चुकता यायचे आणि विचारायचे, "दुखत नाही बाई. म्हणजे भरतंय ना?"

"भरतंय," मी म्हणायची.

एकदा पट्टी बांधता बांधता सावंतबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाईनू, एक बोलू? रोज रोज खपली काडून बघल्यार घाव भरतलो कसो?"

मी म्हटलं, "सावंतबाई, हा डोळा आहे, गुडघा नाही." पुढे दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

परबांच्या केसपेपरवर एकेचाळीस गोल झाले. बेचाळिसाव्या दिवशी हिरव्याच्या मध्ये एक पांढरा ठिपका दिसला, म्हणजे उघड्या जखमेत जंतू शिरले. मी त्यांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे डोळा वाचला, नजर गेली. बुबुळ पांढरं पडलं. परत आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "परब, साखर फार होती हो. साखरेने घात केला." हे खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं कोणतं याचा मला तोवर संशय यायला लागला होता.

"असो," परब म्हणाले. "वॉचमनला एक पुरतो."

त्यानंतर मी पुस्तकं पुन्हा काढली, आणि सावंतबाईंनी सांगितलेलं त्यात जसंच्या तसं सापडलं, फक्त लांबलचक भाषेत. मधुमेही डोळ्यातली नवी कातडी चिकटायला आठवडे लागतात. तोवर तिला हात लावायचा नाही. रोज पुसलेली ती 'सैल कातडी' हीच परबांची नवी कातडी होती. थेंब टिकावेत म्हणून त्यांत जे रसायन घालतात तेही तिला सोसत नाही. म्हणजे परबांचा डोळा रोज रात्री भरत होता आणि रोज सकाळी दहा वाजता मी तो उघडा करत होते. एखाद्या आळशी डॉक्टरकडे ते गेले असते तर कदाचित नजर वाचली असती. हे मी सावंतबाईंना सांगितलं, त्यांची माफीही मागितली. परबांना नाही सांगितलं. ते दर महिन्याला उजवा डोळा दाखवायला येत, मी तपासत असे, आणि दर वेळी शब्द तोंडापर्यंत येऊन मागे जात.

दोन वर्षांनी हिराबाई आली.

ती मला पहिल्यापासून अरे-तुरे करायची, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिताना 'त्या' असं माझ्या पेनातून उतरत नाही. गोवंडीच्या पलीकडे खाडीकाठच्या कोळीवाड्यात घर, घाटकोपरच्या बाजारात मासळीची बसायची जागा, साठीच्या घरातली बाई. डावा डोळा लहानपणी देवीच्या रोगात गेलेला. उरलेल्या उजव्या डोळ्यात सोलताना कोलंबीच्या डोक्यावरचा काटा उडून लागला. मधुमेह दहा वर्षांचा, गोळ्या आठवण होईल तेव्हा. काटा लागल्यावर बाराव्या दिवशी सून मंगल तिला हाताला धरून घेऊन आली, कारण समोर उभं असलेलं माणूस तिला धुरकट दिसायला लागलं होतं.

"दुखत नाय गो," हिराबाई म्हणाली. "उगीच आनलीन ही मना."

मी निळा उजेड सोडला. बुबुळाच्या बरोब्बर मध्ये चवळीच्या दाण्याएवढी जखम. एकच डोळा, आणि त्याच्या ऐन मध्यावर. हा गेला तर ही बाई उरलेलं आयुष्य भिंत चाचपत काढणार होती.

या वेळी मी शहाणपणाने वागले. थेंब नाहीत, साधं मलम, घट्ट पट्टी, तीन दिवसांनी एकदा तपासणी. आधी साखर ताब्यात आणायला हवी होती, म्हणून फिजिशियनने इन्सुलिन दिलं. काचेची सिरिंज उकळून रोज टोचायचं. मंगल मोसंब्यावर टोचायचा सराव करून दोन दिवसांत तयार झाली. जेवणाचं मात्र जमेना. भात कमी करा म्हटल्यावर हिराबाई म्हणाली, "भात नाय तं मासली कशाबरबर खावाची?" भाकरी खा म्हटलं तर ती तांदळाचीच. भाकरीत तांदूळ असतो हे तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. शेवटी मंगलने भाकरीची परात उचलून माळ्यावर टाकली आणि घरात ज्वारी आणली. पंधरा दिवसांत नळी विटकरीवरून हिरव्यावर आली.

पण डोळा भरेना. पट्टीखाली पापणी हलायची, प्रत्येक उघडझापीला कोवळी कातडी घासून निघायची. अशा वेळी एकच उपाय उरतो. वरची पापणी खालच्या पापणीला टाके घालून शिवून टाकायची आणि दीड महिना तशीच ठेवायची. पापणीइतकं चांगलं पांघरूण आजवर कुणी बनवलेलं नाही. टाके पापणीत घालतात, डोळ्याला सुई लागतही नाही. पण हे ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते मला हिराबाईच्या चेहऱ्यावर दिसलं.

"डोला शिवतंस?" ती म्हणाली. "मी काय मेली, डोला मिटाला?"

मी समजावलं. ती ऐकेना. मंगल रडायला लागली. मी चिडले. म्हटलं, "हिराबाई, नाही शिवला तर महिनाभरात आपोआप मिटेल तो, कायमचा."

हे बोलायला नको होतं. ती उठली, मंगलचा हात झटकून भिंत चाचपत बाहेर गेली आणि बाकड्यावर जाऊन बसली. मंगल रिक्षा बघायला रस्त्यावर गेली. बाकड्यावर दुसऱ्या टोकाला परब बसले होते, महिन्याची तपासणी म्हणून. मी आत दुसरे दोन पेशंट बघितले. मधूनमधून बाहेरून परबांचा बारीक आवाज ऐकू येत होता, हिराबाईचा नाही. वीसेक मिनिटांनी पडदा बाजूला झाला. परबांनी तिला दंडाला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि ते परत बाहेर गेले.

"शिव," हिराबाई म्हणाली. "पन एक सांगते. मदी उगरून बगाचा नाय. तुला कितीबी वाटला तरी नाय. आई एकवीरेची शप्पत घे."

तपासणीत मला पुष्कळ काही विचारलेलं आहे, पण शपथ कुणी घ्यायला लावली नव्हती. सावंतबाई पदर तोंडाला लावून हसू दाबत होत्या. मी एकवीरेची शपथ घेतली. मधे उघडून बघू नको, ही अट तिला कशी सुचली, याचं मला तेव्हा थोडं नवल वाटलं. परबांनी तिला धीर दिला असेल, एवढंच मी धरून चालले, आणि त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "त्यात काय."

दुसऱ्या दिवशी शिवला. टाक्याने पापणी कापू नये म्हणून टाक्याखाली रबराचे बारीक तुकडे ठेवतात, ते आम्ही सलाईनच्या जुन्या नळीतून कापून उकळून घेतले. नाकाकडच्या कोपऱ्यात गव्हाच्या दाण्याएवढी फट सोडली, पाणी वाहायला आणि बॅटरीचा उजेड आत टाकून पू वगैरे नाही ना एवढं बघायला. मध्यावरची जखम त्यातून दिसत नाही. केसपेपरवर मी तारीख घातली आणि गोल काढला नाही. हात सवयीने हिरव्या पेन्सिलीकडे गेला होता.

पाच दिवसांनी सावंतबाई बाजारातून आल्या आणि म्हणाल्या, "ती तुमची कोळीण बसली हा बाजारात. राणीसारखी."

मला खरंच वाटेना. मी तशीच एप्रन घालून बाजारात गेले. हिराबाई आपल्या जागेवर बसली होती, एक डोळा लहानपणीच गेलेला आणि एक शिवलेला. मंगल कापून देत होती. हिराबाई बोटाने माशाचं गलफड उघडून आत चाचपायची, ताजं किती ते सांगायची. गिऱ्हाईक तिच्या चेहऱ्याकडे बघून दचकायचं आणि मग ती जे देईल ते मुकाट्याने घेऊन जायचं. मी बाजाराच्या मध्ये उभी राहून तिला वाटेल ते बोलले. मासळीचा हात डोळ्याला लागला तर काय होईल, कळतं का तुम्हाला? आसपासच्या कोळणी कोयते खाली ठेवून ऐकायला लागल्या.

"हात लावते कोन डोल्याला?" हिराबाई शांतपणे म्हणाली. "तूबी लावू नको, मीबी नाय लावत. घरा बसून काय करू? कालोखच मोजू?"

मंगलने मला सहा बोंबील बांधून दिले, ते सावंतबाईंनी नेले.

तिसऱ्या आठवड्यात ती अचानक सकाळीच दारात उभी राहिली, मंगलच्या खांद्यावर भार टाकून. "टोचतंय," म्हणाली. "काल सांजपासून."

या दुखण्याची मला शिंदे-परबांच्या न दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटली. ज्या डोळ्याला काटा लागलेला कळला नाही तो दुखतो आहे, म्हणजे आत काय झालं असेल? शिवलेल्या पापणीखाली जंतू वाढले असतील तर एक दिवस थांबणंही परवडणारं नव्हतं. आणि काही नसताना टाके कापले तर तीन आठवड्यांची कोवळी कातडी पापणीबरोबर निघून येणार होती. उघडलं तर एक भीती, नाही उघडलं तर दुसरी. परबांचा पांढरा ठिपका माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी कात्री हातात घेतली. ती ट्रेला लागून वाजली.

"शप्पत घेतलीस ना?" हिराबाई खुर्चीवरून म्हणाली.

मी सावंतबाईंकडे बघितलं. त्यांनी कात्री माझ्या हातातून काढून घेतली नाही, काही शिकवलंही नाही. फक्त बॅटरी पुढे केली. "आधी भायरसून बघा," म्हणाल्या.

मी बाहेरून बघितलं. पापणी सुजलेली नव्हती. वास नव्हता. कोपऱ्यातल्या फटीतून येणारं पाणी स्वच्छ होतं, आतली दिसते तेवढी काच स्वच्छ होती. मग खालच्या पापणीवरचा रबराचा तुकडा जरा कलता करून बघितला, तर त्याच्याखाली कातडीत लाल खाच पडलेली. हिराबाई उजव्या कुशीवर झोपायची आणि उशीने रबर रुतायचं. दुखत होती ती पापणी, डोळा नव्हे. सावंतबाईंनी मलमात भिजवलेला कापसाचा धागा रबराखाली सरकवला आणि डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं. मी कात्री उकळायला टाकली आणि पुढचे तीन दिवस, टोचणं पूर्ण थांबेपर्यंत, मला जेवण गोड लागलं नाही.

दीड महिना भरला त्या सकाळी टाके कापले. पापण्या चिकटल्या होत्या, सावंतबाईंनी कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवल्या. केशरी कागद टेकवला. निळा उजेड सोडला. मी बघत राहिले. हिरवं कुठेच नव्हतं. पुन्हा बघितलं, तरी नव्हतं. मध्यावर मोहरीच्या दाण्याएवढं धुकं राहिलं होतं, ते पुढेही राहिलं, पण कातडी सलग होती, आणि चिकटलेली होती. मी केसपेपरवर गोल काढला आणि तो तसाच रिकामा ठेवला. मला रडू आलं, ते मी यंत्रामागे लपवलं.

हिराबाई बराच वेळ माझ्याकडे टक लावून बघत होती. आली तेव्हापासून तिने मला धुरकटच पाहिलं होतं.

"आवाजावरना मना वाटला तू मोटी बाय असशील," ती म्हणाली. "तू तं माजे सुनेवानी हायस."

त्याच दिवशी दुपारी ती बाजारात बसली, आणि गलफडं बोटाने चाचपायच्या ऐवजी डोळ्याने बघून सांगायला लागली. लाल की काळं, एवढं तिला दिसत होतं. तिला तेवढंच हवं होतं.

आठवड्याभराने परब तपासणीला आले. बाकड्यावर दुसरं कुणी नव्हतं. ते खुर्चीवर बसले, आणि या वेळी मी शब्द परत जाऊ दिले नाहीत. मी त्यांचा जुना केसपेपर काढला, एकेचाळीस गोलांचा. म्हटलं, "परब, तुमचा डोळा नुसत्या साखरेने नाही गेला. मी रोज उघडून बघत होते, पुसत होते, त्याने भरलेली जखम रोज निघत होती. मला तेव्हा कळत नव्हतं. चूक माझी होती. हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं."

परबांनी कागद हातात घेतला, एका डोळ्याने सगळे गोल ओळीने बघितले आणि परत दिला.

"माहीत होतं," ते म्हणाले. "सावंतबाईंनी नाही हां सांगितलं. मोठ्या इस्पितळात तिथले डॉक्टर आपसात बोलत होते, ते ऐकलं."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"बोलून काय डोळा येणार होता? आणि रविवारीसुद्धा दवाखाना उघडायचात तुम्ही माझ्यासाठी. तेपण बघत होतो मी." मग म्हणाले, "त्या कोळणीला मात्र सांगितलं सगळं. म्हटलं, बाईंचा हात चांगला आहे. माझ्या डोळ्यावर शिकल्यात, आता चुकायच्या नाहीत. फक्त त्यांना राहवत नाही. तर तू आधी त्यांना शपथ घ्यायला लाव."

मी त्यांची माफी मागितली. 'जाऊ दे' असं ते म्हणाले नाहीत, आणि मी तशी अपेक्षाही करू शकत नव्हते.

"उघडला ना तिचा?" त्यांनी विचारलं.

"उघडला."

"बरं झालं," परब म्हणाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, हनुवटी यंत्रावर टेकवली आणि उजवा डोळा उघडा धरला. "आता हा बघा."